गोष्टीची मूठ

आधी माफी मागून घेते. माझं शुद्धलेखन बरोबर नाही. वेलांटी पहिली की दुसरी हे मला चौथीत कळत नव्हतं, आणि चौथीच्या पुढं शाळा झाली नाही. अक्षरही वाईट आहे. चिंचेच्या शिरा ओढून फरशीवर टाकल्या की जशा पडतात तशा माझ्या ओळी पडतात. नातवाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर लिहिते आहे. हे कुणाला दाखवायचं नाही. एक गयामावशी सोडून, आणि तिला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवते. म्हणजे माफी मागायची तशी गरज नाही. पण माफी मागितल्याशिवाय मला कुठं बोलायची सवय नाही.

लिहायला बसण्याचं कारण असं. परवाच्या जयंतीला आमच्या जुन्या वस्तीतल्या विहारात कार्यक्रम होता. गयामावशीची मुलगी सुमन दवाखान्यात नर्स आहे, आता तिच्या हाताखाली दहा-बारा मुली आहेत. तिला बोलायला उभं केलं. ती चांगलं बोलली. वडील गेल्यावर आईनं चिंच फोडून त्यांचं कर्ज फेडलं, मला लहानपणी लग्नात ढकललं नाही, शिकवलं, असं म्हणाली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्याला पदर लावले. टाळ्या पडणार तेवढ्यात पहिल्या खुर्चीवरून गयामावशीचा आवाज आला.

"आन् घोडी?"

माइक नसताना तो आवाज शेवटच्या सतरंजीपर्यंत गेला. सगळे वळून बघायला लागले. सुमन उरलेलं भाषण घाईनं संपवून खाली बसली.

ऑटोतून परत येताना मायलेकीत त्यावरून झालं. सुमनचं म्हणणं, इतक्या लोकांपुढं घोडीचं काय सांगायचं, लोक हसले असते. मावशी म्हणाली, "हसू दे की. हसल्या म्हणून तर मुठी पडल्या." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "शांते, तुला चौथीपर्यंत येतंय. तू लिव्ह. घोडी घालून लिव्ह."

म्हणून घोडी घालून लिहिते आहे.

त्याच आठवड्यात बरकतपुऱ्याच्या कोपऱ्यावर नव्या चिंचेची बंडी, म्हणजे हातगाडी, लागली. मी लांबूनच ओळखलं, कारण वास नाकात यायच्या आधी माझी बोटं चुरचुरली. आता बोटांना काही झालेलं नाही, कातडी चांगली आहे. मुलाला पगार आहे, मला कामाला जावं लागत नाही. पण ज्या बोटांनी हंगाम काढले ती बोटं विसरत नाहीत. होळी झाली की आंबट पाणी नखांच्या कडांत शिरायचं. बोटांची टोकं आधी पांढरी पडायची, मग चिरायची. भाजीत मीठ टाकताना आपला हात आपल्यालाच नको व्हायचा. ओठांवरून जीभ फिरवली तरी आंबट, रात्री लेकराचा गाल पुसला तरी ते म्हणायचं, आई आंबट.

गोदाम गौलीगुड्यात होतं, बस अड्ड्याच्या मागच्या गल्लीत. वर पत्रा, खाली फरशी, मध्ये चिंचेचा डोंगर. सगळ्या आम्ही नांदेड, देगलूर, बिलोलीकडच्या. माणसं कुणाची हमालीत, कुणाची वॉचमन, आणि बाया हंगामाला इथं. सकाळी दांडक्यानं चिंच बडवून टरफलं काढायची. दुपारी बसून शिरा ओढायच्या, लोखंडी पट्टीनं चीर पाडून चिंचोके काढायचे. साफ चिंचेच्या वजनावर पैसे. वजन करायला यादगिरी नावाचा मुकादम होता, तेलुगू माणूस, आमच्याशी दखनी हिंदीत बोलायचा. "हात चलाव अम्मा, मुँह बाद में," एवढंच तो दिवसभर म्हणायचा आणि तेही कुणाकडं न बघता.

तिथं एक रीत होती. कुणी पाडली माहीत नाही, मी गेले तेव्हा होतीच. जी बाई गोष्ट सांगते तिचा हात मंदावतो, तिचं वजन कमी भरतं. म्हणून ऐकणाऱ्या बाईनं आपल्या ढिगातली साफ केलेली एक मूठ चिंच तिच्या टोपलीत टाकायची. गोष्ट आवडली तर. नाही आवडली तर नाही. ना कुणी मागायचं, ना कुणी आभार मानायचे. तिला आम्ही गोष्टीची मूठ म्हणायचो. बाकीच्या बायांना कधीमधी एखाददुसरी मूठ पडायची. गयामावशीची टोपली भरायची.

मी तिच्या शेजारी बसायचे. मला बोलता येत नव्हतं असं नाही, पण चार बाया बघत असल्या की शब्द घशातच राहायचा. मावशी सगळ्यांना सांगायची, हिच्या तोंडात चिंचोका अडकलाय, ओढून काढला तर मुकादम वजन करून नेईल. बाया हसायच्या, मी मान खाली घालून शिरा ओढायचे. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. निदान माझं नाव निघायचं.

त्या हंगामात ती घोडीची गोष्ट सांगत होती.

तिचा नवरा बाजारात हमाल होता. मावशी त्याचं नाव घेत नसे, सुमीचा बाप म्हणायची. त्यानं लग्नसराईत बघितलं की नवरदेवाला मिरवणारी घोडी एका संध्याकाळी जे कमावते ते तो आठवडाभर पोती वाहून कमावत नाही. वर घोडीला कुणी शिव्या देत नाही. हे त्याच्या डोक्यात बसलं. नणंदेचे यजमान गावाकडून येऊन इथंच राहिले होते, त्यांना मावशी दाजी म्हणायची. त्या दाजींकडून त्यानं पैसे उसने घेतले आणि एका म्हाताऱ्या तांगेवाल्याची पांढरी घोडी घरी आणली. तांगे तेव्हा बंद पडत चालले होते, घोडी स्वस्तात मिळाली.

"पांढरी हाय, एवढंच त्यानं बघितलं," मावशी सांगायची. "मलाबी तसंच बघून केलं होतं. गोरी हाय म्हणून. पुढचं मंग कळालं."

घोडीचं पुढचं असं की तिनं सगळा जन्म तांगा ओढला होता. सवाऱ्या कुठं उतरतात हे तिला पाठ होतं. बस अड्डा, टॉकीज, बाळंतिणींचा दवाखाना. तिथं पोचली की ती थांबायची, आणि मागून तांगेवाला जे म्हणायचा ते ऐकल्याशिवाय पाय उचलायची नाही. "उतर गए, चल बेटी." मराठी तिला कळत नव्हतं. सुमीचा बाप तिच्यापुढं हात जोडून, चल गं माय, चल गं बाई म्हणायचा, ती नुसती कान हलवायची.

पहिलीच वरात. पुढं बँड, घोडीवर सेहरा बांधलेला नवरदेव, मागं बाया. घोडी मंडपाकडं निघाली होती, मध्येच तिला तिचा जुना रस्ता दिसला. ती वळली. बँडवाल्यांना वाटलं वरात इकडूनच आहे. सगळे वाजतगाजत बाळंतिणींच्या दवाखान्याच्या फाटकापुढं जाऊन उभे राहिले. वरच्या खिडक्यांत बाया गोळा झाल्या. दरवान बाहेर आला, त्यानं विचारलं, किस को भरती करना है? नवरदेवाचा मामा म्हणाला, अजून लग्न लागायचंय. दरवान म्हणाला, मग एवढी घाई काय आहे?

मावशी बँड तोंडानं वाजवायची. मामाचा आवाज वेगळा, दरवानाचा वेगळा, घोडीचं गप्प उभं राहणंसुद्धा करून दाखवायची. शेवटी तांगेवाल्याला शोधून आणलं. तो म्हणाला, सवारी उतरल्याशिवाय ती कशी हलेल? नवरदेवाला खाली उतरवलं, तांगेवाल्यानं घोडीच्या मानेवर थाप दिली, आणि... इथं मावशी थांबायची. वाक्य आमच्यासाठी सोडायची. सगळं गोदाम एका आवाजात म्हणायचं, उतर गए, चल बेटी. मग घोडी पुढं आणि नवरदेव सेहरा सावरत मागून पळत.

दुसरी गोष्ट बबनची. बबन हा दाजींचा थोरला मुलगा, तिशीला टेकलेला, स्वभावानं गरीब. मामाची घोडी बघायला आला आणि हौसेनं वर बसला. घोडीनं त्याला टॉकीजपुढं नेऊन उभं केलं. बबन उतरला, तिकीट काढलं, आत जाऊन पिक्चर बघितला. मावशी म्हणायची, "घोडीच्या जन्मात तिला एवढा शहाणा पॅसेंजर गावला नव्हता."

ते वाक्य गोदामाचं झालं. चहा संपला, मुकादम पाठ करून गेला, कुणी पाय मोकळे करून परत बसलं की एखादी म्हणायची, उतर गए, चल बेटी, आणि दांडकी परत सुरू व्हायची. मी सोडून सगळ्या म्हणायच्या. आणि मावशी सोडून. तिचं मला वाटायचं की ही तिची सांगायची तऱ्हा आहे.

मी शेजारी बसत असल्यानं मला एक दिसायचं जे समोरच्यांना दिसत नव्हतं. ती सांगताना कधी आमच्या तोंडाकडं बघत नव्हती. हातांकडं बघायची. खूप हसू झालं की बायांचे हात सैल पडतात, चिंचोके आत राहतात, मुठीबरोबर टरफलही येतं, आणि मग यादगिरी ती चिंच बाजूला काढतो. तसं दिसलं की ती मध्येच एक वाक्य टाकायची. त्या वरातीचे पैसे नवरदेवाकडच्यांनी दिले नाहीत. तो रात्री घोडीजवळ बसून राहिला, जेवला नाही. सुमीनं आपली भाकरी घोडीला घातली. एवढंच. बायांचे चेहरे उतरायचे, बोटं नेटकी चालायला लागायची. आणि कुणी उसासा सोडायच्या आत बबन टॉकीजमध्ये शिरलेला असायचा.

एकदा मी हळूच विचारलं, मावशी, हे असं कसं जमतं. मीठ किती घालायचं हे सांगावं तसं तिनं सांगितलं. "लै हसवलं की बी आत राहतंय. लै रडवलं की हात थांबतोय. मंग मूठ कुठून येणार?" यापेक्षा जास्त मला त्यातलं कुणी सांगितलं नाही आणि मला कळतही नाही. आमटीत चिंच आणि गूळ दोन्ही घालतो, पण वाढताना ही चिंच आणि हा गूळ असं कुणी वाढत नाही, तसंच काहीतरी असावं.

सुमीचा बाप आधीच्या पावसाळ्यात गेला होता, हे आम्हाला माहीत होतं. कसा गेला हे तिनं सांगितलं नव्हतं. घोडीचं पुढं काय झालं, असं कुणी विचारलं की म्हणायची, ती पुढची सवारी.

दाजी अधूनमधून गोदामाच्या दारात यायचे. पांढरे कपडे, गोड बोलणं. मावशीला वहिनी म्हणायचे. एखाद्या पोत्यावर बसून चहा प्यायचे आणि म्हणायचे, पैशाचं काय घेऊन बसलात वहिनी, घरच्या घरात फिटतंय. आम्हाला वाटायचं, किती चांगला माणूस. मावशी म्हणायची, चिंच संपंस्तोवर थांबा दाजी. ते म्हणायचे, थांबतो की. त्यानंतर तासभर तिच्या पट्टीचा नेम चुकायचा. दोनदा तिचं बोट कापलेलं मी पाहिलं.

घरच्या घरात म्हणजे काय ते मला उशिरा कळलं. आत्याच्या मुलाला मामाची मुलगी करून घ्यायची आमच्यात रीत आहे. सुमन तेव्हा दहावीला होती, जामबागेतल्या शाळेत तिचे पेपर चालू होते. सकाळी कंपास छातीशी धरून गोदामावरून जायची. बबनचं लग्न कुठं जमत नव्हतं. पैसे चिंच संपेपर्यंत फिटले नाहीत तर ती पोरगी त्या घरात जाणार होती, आणि नंतर तिच्या हातात कंपास येणार नव्हता.

म्हणजे मावशी जो बबन सांगून आम्हाला हसवत होती तो हाच बबन. आणि त्या हसण्यातून ज्या मुठी पडत होत्या त्यांचेच पैसे ती बाजूला ठेवत होती.

एक दिवस ती उशिरा आली. बसली, पण दांडकं उचललं नाही. समोरच्या एकीनं टोमणा मारला, आज घोडी उठली नाही वाटतं. मावशी हसली नाही. सरळ आवाजात म्हणाली, काल दाजी घरी साडी आणि साखर ठेवून गेले. पेपर झाले की उरकून टाकू म्हणाले. आणि मग कुणी न विचारता तिनं ती पुढची सवारी सांगितली.

सकाळची वेळ होती. सुमीच्या बापाचा श्वास पुरेना. गल्लीत पाणी भरलेलं, ऑटो आत यायला तयार नाही. शेजाऱ्यानं आणि तिनं मिळून त्याला घोडीवर बसवलं. शेजारी एका बाजूनं धरून, ती लगाम धरून, सुमन मागं. कुठला दवाखाना, कुठला रस्ता, तिला काही सुचत नव्हतं. घोडी चालली होती, तिच्यामागं ती चालली. घोडीला दवाखाना माहीत होता. बाळंतिणींचा. ती बरोबर त्या फाटकापुढं जाऊन थांबली.

तोच दरवान. त्यानं सांगितलं, इथं गड्यांना घेत नाहीत, मोठा दवाखाना पुढं आहे, लवकर न्या. घोडी हलेना. दरवानानं ढकललं, शेजाऱ्यानं ओढलं. ती सवारी उतरायची वाट बघत होती.

"ते म्हणलं असतं तर ती चालली असती," मावशी म्हणाली. "मला माहीत होतं. पर तो तर वरच बसलेला. उतरला म्हणून कसं म्हणू? माझं तोंड उघडंना. तिथंच, तिच्या पाठीवर गेला तो."

यावेळी तिनं मध्ये काही घातलं नव्हतं, ना बबन, ना बँड. सगळ्यांचे हात थांबले. दांडकी जमिनीवर, पट्ट्या मांडीवर. बस अड्ड्यातले हॉर्न तेवढे ऐकू येत होते. यादगिरी तराजूपाशी उभा होता, त्यानंही हात चलाव म्हटलं नाही. मला ती शांतता सोसेना. मला दुसरं काही बोलता येत नव्हतं, तेव्हा त्या गोदामात रोज जे ऐकत होते तेच माझ्या तोंडून निघालं.

"उतर गए, चल बेटी."

तोंडून गेल्यावर मी घाबरले. हात तोंडावर ठेवला. मावशीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता मारते.

"बगा गं माय," ती म्हणाली, "हिला बोलता येतंय."

कोण आधी हसलं मला माहीत नाही. पण सगळ्या हसल्या, आणि त्याच हसण्यात रडल्या, आणि मावशी सगळ्यांत जास्त. नाक पुसायला आंबट हात वापरल्यानं आणखी पाणी आलं. मग दांडकं कुणीतरी उचललं. दुपारी शिरा ओढताना ती माझ्याकडं न बघता हळू म्हणाली, "त्या दिवशी फाटकापुढं तू पाहिजे होतीस."

दुसऱ्या दिवशी मावशी यायच्या आधीच तिची टोपली भरलेली होती. तिनं ती उचलली आणि मधल्या ढिगावर पालथी केली. म्हणाली, फुकटाची नको, आधी ऐका. म्हणून मग चिंच संपेपर्यंत तिनं रोज गोष्ट सांगितली. हे लिहिताना मला आता जास्त जाणवतं. घरी साडी आणि साखर ठेवलेली, मुलीचे पेपर संपत आलेले, आणि हिला रोज सकाळी उठून गोदामभर बायांना हसवावं लागत होतं. पोट दुखेपर्यंत नाही, बी आत राहील इतकं नाही. बेतानं. ज्या दिवशी तिला स्वतःला अजिबात हसू येत नव्हतं त्या दिवशी बबन सगळ्यात चांगला झाला.

त्या दिवसापासून घोडी हाकणं माझ्याकडं आलं. मावशी थांबायची, सगळ्या माझ्याकडं बघायच्या, मी मान खाली घालून ते म्हणायचे. सगळ्या हंगामात माझं तेवढंच बोलणं. यादगिरी तोंडानं काही म्हणाला नाही, पण वजनाला मावशीची टोपली पहिली घ्यायला लागला. एकदा मात्र टोपली परत देताना म्हणाला, "गयाम्मा, कल वो टॉकीज का सुनाव. उस दिन मैं बाहर था." तेव्हा आम्हाला कळलं की तराजूपाशी उभा राहून तो रोज ऐकत होता.

घोडीचं काय झालं तेही लिहायला हवं, नाहीतर मावशी विचारेल. तांगेवाल्यानं ती कमी पैशात परत घेतली. घेऊन चालला तेव्हा ती गल्लीच्या तोंडाशी थांबली. तो मागून ओरडला तेव्हा निघाली. ती तिथं आधी कधी थांबत नव्हती.

इथपर्यंत मी रविवारी दुपारी मावशीला वाचून दाखवलं. सुमनच्या घरी, पुढच्या खोलीत, बंडीवरची चिंच घेऊन आम्ही दोघी वर्षाची भरणी करत बसलो होतो. सुमन पाकिटातली चिंच आणते, तिला हे कशाला वाटतं, पण आईला करू देते. मावशी ऐकताना सुधारणा सांगत होती. वरातीत बँड कमी झालाय. दरवानाला मिशी पाहिजे. फाटकापाशी आले तेव्हा ती नुसती शिरा ओढत राहिली.

सुमन आत कणीक मळत होती. ती हात तसेच घेऊन दारात आली.

"शांतामावशी, तुम्हा सगळ्यांना ती घोडी गोदामात भेटली," ती म्हणाली. "मी तिच्या मागं चालत होते. मला बाबांची पाठ दिसत होती. म्हणून मी भाषणात तिला घेत नाही. ऑटोत म्हटलं खरं, पण लोक हसतील याची लाज नाही मला."

मला वाटलं वही बंद करावी. तिचं खरं होतं. मावशीचंही खरं होतं. एकच घोडी होती, आणि एकीला ती घातल्याशिवाय गोष्ट खोटी वाटत होती, दुसरीला ती घातली की सांगणंच होत नव्हतं. मी चौथी शिकलेली, मी यात काय करणार.

मावशीनं काही समजावलं नाही. नुसतं ताट थोडं सरकवलं, जागा केली. सुमन हात धुऊन आली आणि बसली. आम्ही तिघी चिंच साफ करायला लागलो. तिचा हात अजून चांगला चालतो. मग मान वर न करता ती म्हणाली, "बबनदादानं पिक्चर सरळ नव्हता बघितला. मध्येच बाहेर येऊन घोडीला चणे घालून गेला. मला म्हणाला, मामाला सांगू नको, तिकीट परत नाही देत ते."

मावशीची पट्टी थांबली. "हे मला काहून सांगितलं नाहीस?" ती खरंच रागावली होती. "मी आख्खा हंगाम त्याच्याशिवाय सांगितलं."

आणि तिनं आपल्या ढिगातली एक मूठ उचलून सुमनच्या पुढ्यात टाकली. सुमनला ती रीत माहीत नव्हती. तिला वाटलं आईनं चुकून टाकली, तिनं ती परत द्यायला उचलली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, राहू दे, तुझी आहे.

ती बबनला दादा म्हणते. त्याचं पुढं गावाकडं लग्न झालं, दोन मुलं आहेत, सुमनच्या घरी येतो जातो. त्याचा यात कधीच काही दोष नव्हता. तो फक्त घोडीवर बसला होता.

आता शेवटच्या दिवसाचं लिहिते आणि थांबते, पानंही संपत आली.

डोंगर संपून फरशी दिसायला लागली होती. चिंचोक्यांची पोती एका बाजूला शिवून ठेवली होती, बाया टरफलं झाडत होत्या. सुमनचा शेवटचा पेपर झाला होता, ती बाहेर ओट्यावर बसली होती. यादगिरीनं हिशोब करून सगळ्यांचे पैसे दिले. तेवढ्यात दाजी आले, त्यांना बोलावलंच होतं. मावशीनं कमरेचा बटवा सोडला, आधीचे रुमालात बांधलेले काढले, त्यात आजचे घातले आणि दाजींच्या हातात दिले. वर घडी न मोडलेली साडी ठेवली.

दाजींनी मोजले. बरोबर होते. त्यांनी परत मोजले. मग म्हणाले, साखर?

"साखर खाल्ली," मावशी म्हणाली. "सुमीचा गणिताचा पेपर चांगला गेला, त्या दिवशी सगळ्यांनी चहा पिला."

दाजींनी पैसे खिशात घातले, पण निघाले नाहीत. दारातच उभे. पैसे झाले ते ठीक आहे वहिनी, म्हणाले, पण सोयरिकीचं बोलणं आपलं पैशावर थोडंच होतं. पोत्याकडं बघत होते, बसावं का म्हणून. कुणी पोतं पुढं केलं नाही.

झाडू थांबले. सगळ्या सवयीनं माझ्याकडं बघायला लागल्या, म्हणजे माझी वेळ आली असं. मी पदर ओढून घेतला. एवढ्या मोठ्या माणसापुढं माझा शब्द घशातच राहिला. पण मला बोलावं लागलं नाही. जे वाक्य मावशीनं फाटकापुढं म्हटलं नव्हतं आणि नंतर कधी गोष्टीतसुद्धा म्हटलं नव्हतं, ते ती स्वतःच म्हणाली, हळू, जनावराला सांगावं तसं.

"उतर गए, दाजी. चला."

दाजींना त्यातलं काही कळलं नाही. पण तराजूपाशी यादगिरी फिदीफिदी हसायला लागला, मग बाया हसल्या, आणि ओट्यावरून सुमन आत डोकावून बघायला लागली की काय झालं. दाजी साडी काखेत घेऊन गल्लीनं चालायला लागले, वळणावर गेले, दिसेनासे झाले. पैसे पूर्ण फिटले होते.